आधी 'नाही' लिहा

आमच्या कळंबात तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. शिंप्याला विचारा, ब्लाउज बुधवारपर्यंत होईल का, तो म्हणणार, होतंय की. प्लंबरला फोन करा, तो म्हणणार, निघालोच. मुलगी बघायला आलेली माणसं पोहे संपवून उठताना हमखास म्हणणार, कळवतो. ह्यातलं काही होणार नसतं, आणि ते म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. तरी आपलं वाट बघणं चालूच. मला स्वतःला तीन-चार ठिकाणांहून कळवणार होते. अजून कळवतायत.

अशा गावात शैला बनसोडे मॅडम आल्या आणि पहिल्याच दिवशी आमच्या मालकांना 'नाही' म्हणाल्या.

ढोकी रोडला खत-बियाण्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक लांबुळकी खोली, भिंतीला लावलेले कॉम्प्युटर, आणि खालून येणारा कीटकनाशकाचा वास. इथल्याच लोकांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. शाळांची फी, तुळजापूरच्या लॉजचं बुकिंग, असलं काहीबाही. मालकांनी मोठ्या हौसेनं विचारलं, "मॅडम, महिन्याभरात सगळं जुनं काढून नवं करून टाकाल ना?" मॅडम म्हणाल्या, "नाही. चार महिने लागतील." मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं. प्रशांत आणि मी, म्हणजे तिथली सगळी फौज, आम्ही आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं खुपसलं.

पन्नाशीच्या उंच बाई. सुती कुर्ता, पायात खेळाचे बूट, कानावर पेन्सिल. पुण्यात बरीच वर्षं एका कंपनीत होत्या. नोकरी सोडून गावी का आल्या, असं विचारायचं माझ्या मनात होतं, पण त्यांनी पहिल्याच चहाला आपणहून सांगून टाकलं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनला तयार नाही. धाकटा भाऊ मिलिंद बंगळूरला असतो, तो आल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढणार नाही म्हणते. डॉक्टर म्हणालेत, फार पिकू दिला तर डोळा हातचा जाईल. हे सगळं त्यांनी बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं आणि बिस्किटाचा पुडा माझ्याकडं सरकवला.

मिलिंदनं आईला न विचारता लग्न केलं होतं. आई लग्नाला गेली नाही, आणि तेव्हापासून तो गावाकडं फिरकला नव्हता. आता डोळ्याच्या निमित्तानं तरी त्यानं यावं, एवढीच त्या म्हातारीची इच्छा होती. मॅडमनी त्याला विचारलं होतं. त्याचं उत्तर यायचं होतं.

त्यांची एक सवय मला सुरुवातीला फार चमत्कारिक वाटायची. फोन कुणाचाही असो, त्या तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायच्या आणि टाईप करत बोलायच्या. बँकेवाले, गॅसवाला, पुण्याच्या मैत्रिणी, सगळ्यांचं सगळं आम्हाला ऐकू यायचं. मी एकदा म्हटलंसुद्धा, "मॅडम, आम्ही बाहेर जाऊ का?" तर म्हणाल्या, "कशाला? माझ्याकडं लपवण्यासारखं काही नाही." समोरच्यानं आढेवेढे घेतले की मान वर न करता म्हणायच्या, "होय का नाही ते सांगा, मी दोन्हीला तयार आहे."

प्रशांत येरमाळ्याचा. लग्नाच्या पंगतीत वाढायला उभा राहिला तर कुणाचं पान रिकामं राहू देणार नाही, असला माणूस. त्याचा कोड मॅडमनी पहिल्याच आठवड्यात उघडला. लॉजचं बुकिंग ज्या जुन्या यंत्रणेवर चालायचं तिची रीत अशी होती की तिला काम सांगायचं आणि सोबत आपल्या कोडचा एक तुकडा द्यायचा, काम झालं की हा चालव म्हणून. ह्या तुकड्याला कॉलबॅक म्हणतात. खोली आहे का विचारायचं, त्याच्या उत्तराच्या पोटात नाव नोंदवायचं, त्याच्या पोटात भाविकाला मेसेज धाडायचा. प्रत्येक पोटातल्या ओळी आणखी उजवीकडं सरकायच्या, आणि शेवटच्या ओळी तर स्क्रीनच्या बाहेरच जायच्या.

मॅडम ओळी सरकवत शेवटापर्यंत गेल्या. "प्रशांत, ह्या तुमच्या येडेश्वरीच्या डोंगराच्या पायऱ्या आहेत," म्हणाल्या. "वर पोचेपर्यंत माणूस विसरून जातो, काय मागायला आलो होतो."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. "आत्ता काय चाललंय? समोरचा म्हणतोय 'कळवतो', आणि तुम्ही ओट्यावर बसून आहात. आपण ह्याच्याभोवती एक वेष्टन घालू. आतला जुनाच राहील, त्याची सवय आपण बदलू शकत नाही. पण विचारल्याबरोबर आपल्या हातात एक टोकन पडेल. टोकनवर आत्ता काही लिहिलेलं नसेल. पण जे काही उत्तर येईल ते त्याच टोकनवर येईल आणि एकदाच येईल. झालं, किंवा नाही झालं." त्या टोकनला प्रॉमिस म्हणतात. झालं तर रिझॉल्व्ह करायचं, नाही झालं तर रिजेक्ट. दोन दारं, आणि दोन्ही बसवायची आपणच.

प्रशांतनं झरझर लिहायला घेतलं. पहिली ओळ रिझॉल्व्हची. मॅडमनी पेन्सिल टेबलावर आपटली.

"आधी 'नाही' लिही."

"का मॅडम?"

"कारण 'हो' लिहायला कुणी विसरत नाही. 'हो' लिहिलं, काम चालायला लागलं, की माणूस उठून चहाला जातो. 'नाही' राहून जातं. आणि पलीकडच्याला वाटतं, उत्तर यायचंय अजून."

हा त्यांचा नियमच होता. चूक आली तर रिजेक्ट, आणि तिथनंच परत फिरायचं. मग खाली निवांत बाकीचं. हळूहळू माझाही हात तसाच पडायला लागला. घरी आईनं मेथी आणायला सांगितली की मी आधी विचारायचे, नसली तर काय आणू? आईला ते मुळीच आवडायचं नाही. निघतानाच अपशकुन करू नकोस म्हणायची.

तुळजापूरला आम्ही दोघी ते नवं बुकिंग दाखवायला गेलो. लॉजचे मालक पुजारी घराण्यातले, काउंटरवर पानाचा डबा घेऊन बसलेले गृहस्थ. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मॅडमनी त्यांना सगळं सोप्या भाषेत सांगितलं. एक तर खोली मिळाली, एक तर नाही मिळाली, आणि तोवर मधली अवस्था.

काकांनी मान डोलावली. "म्हणजे आमच्या देवळातल्या चिंतामणीसारखंच की हो. हात ठेवून मनात विचारायचं. दगड उजवीकडं फिरला तर काम होणार, डावीकडं फिरला तर न्हाय होणार. अन् जागचा हललाच न्हाय तर समजायचं, वेळ हाय अजून."

मॅडमना हे मनापासून आवडलेलं दिसलं. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली. "आणि हललाच नाही तर माणसं किती वेळ हात ठेवून बसतात?"

"मागची रांग ढकलते तवर."

"तेच मी ह्यात घातलंय," मॅडम म्हणाल्या. "ठरावीक वेळात उत्तर आलं नाही, तर ते 'नाही' धरायचं आणि माणसाला मोकळं करायचं."

काका खूष झाले. म्हणाले, आता आलाच आहात तर दर्शन घेऊन जा, मी आतनं सोडतो. मॅडम म्हणाल्या, "नाही काका. आम्ही बौद्ध, आमच्यात नाही. चहा मात्र घेईन." काकांनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं आणि पोऱ्याला चहा सांगितला. पुढं जितक्यांदा गेलो तितक्यांदा त्यांनी चहाच विचारला, दर्शनाचं कधी काढलं नाही. स्पष्ट बोलणाऱ्या माणसाशी वागायला सोपं जातं, हे मला तेव्हा पटलं होतं.

थंडीत तालुक्यातल्या एका टँकरवाल्याचं काम आलं. गावांनी मोबाईलवर पाणी मागायचं, मागणी त्याच्या जुन्या यंत्रणेकडं जायची आणि तिचं उत्तर गावाला दिसायचं. वेष्टनाची फाईल प्रशांतनं लिहिली आणि मॅडमकडं तपासायला दिली. वेळेची मर्यादा त्या तपासताना स्वतःच्या हातानं घालायच्या. त्यांनी फाईल उघडली, आणि तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी नेहमीसारखा तो स्पीकरवर टाकला.

"तायडे, मी आहे."

"बोल मिलिंद. काय ठरलं?"

"नाही. मी येत नाही. डोळ्याचं निमित्त करून बोलावू नका मला. माझ्या लग्नाला तिला दिसत होतं तेव्हा आली का ती? आईला स्पष्ट सांग."

टाईप करणारे हात थांबले. "सांगते," मॅडम म्हणाल्या. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज झाला. प्रशांत खाली दुकानात काहीतरी आणायला गेल्यासारखा गेला. मी माझ्या स्क्रीनवरच्या ओळी उगीच खालीवर केल्या. थोड्या वेळानं मॅडमनी ती फाईल न वाचताच पुढं ढकलली, "चालू करा" म्हणाल्या आणि पर्स उचलून घरी गेल्या. त्यांनी न वाचता पुढं ढकललेली तेवढी एकच फाईल.

लॅपटॉपचा चार्जर त्या विसरल्या होत्या. तो द्यायला मी त्यांच्या घरी गेले. स्टँडच्या मागं दोन खोल्यांचं घर, दारात कण्हेर. मॅडमच्या आई खाटेवर बसून शेंगा फोडत होत्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. माझी चाहूल लागली की त्या दर वेळी विचारायच्या, "कोण हाय?" मी रेश्मा म्हटलं की म्हणायच्या, "बस बाळ. आवाज तेवढा वळखू येतोय बघ."

त्या दिवशी मी बसले आणि मावशींनी मॅडमना विचारलं, "का गं, मिल्याचा फोन आल्ता का?"

मी मॅडमकडं बघितलं. त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"आल्ता," त्या म्हणाल्या. "कळवतो म्हणला."

मला आधी वाटलं, माझ्यासमोर नको म्हणून तसं सांगितलं असेल, मी गेल्यावर सांगतील. पण पुढंही मी कधी गेले की मावशी विचारायच्या, काय म्हणला? आणि मॅडम भांडी लावत, कपड्याच्या घड्या घालत तेच म्हणायच्या. मावशींची एक साडी इस्त्री करून ट्रंकेवर काढून ठेवलेली असायची, तो आला की दवाखान्याला जाताना नेसायची म्हणून. मला मॅडमचा राग यायचा. जगाला पेन्सिल आपटून 'नाही' लिहायला लावायचं आणि घरात हे. पण मी कोण बोलणारी? मी शेंगा खायचे आणि निघायचे.

थंडीत टँकर मागेल त्याला मिळत होते. 'नाही' यायचा प्रसंगच नव्हता, त्यामुळं आमचं काम नीट चाललंय असंच सगळ्यांना वाटत होतं. मे महिन्यात टँकर कमी पडायला लागले. आणि एका सकाळी येरमाळ्याच्या पलीकडच्या एका वाडीतून ऑफिसला फोन आला. बचत गटाच्या सुमनबाई बोलत होत्या. म्हणाल्या, दोन दिवस झाले, ते चाक फिरतंय नुस्तं, 'प्रतीक्षा करा' म्हणतंय, पाणी कवा यायचं?

मॅडमनी प्रशांतची फाईल उघडली. 'नाही'ची ओळ सगळ्यांत आधी होती, शिकवल्याप्रमाणं. पण तिच्या कंसात काहीच नव्हतं. टँकर नाही असं उत्तर पहिल्याच दिवशी आलं होतं, त्या रिकाम्या कंसात शिरलं होतं आणि तिथंच राहिलं होतं. वेळेची मर्यादाही कुणी घातली नव्हती. त्यामुळं टोकन कोरंच राहिलं आणि चाक फिरत राहिलं.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

प्रशांतचा चेहरा उतरला. "मॅडम, पाणी मागणाऱ्या माणसाला 'नाही' कसं दाखवायचं? मला लिहवेना. म्हटलं नंतर बघू, काहीतरी बरा शब्द सापडेल."

मला वाटलं, आता पेन्सिल आपटणार. पण मॅडम एवढंच म्हणाल्या, "तपासायची मी होते." आधी त्यांनी दुसरीकडून टँकर मिळवायला फोन केले, मग उभ्या उभ्याच ते दोन ओळींचं काम केलं, आणि मला म्हणाल्या, "रेश्मा, गाडी काढ."

आम्ही वाडीवर पोचलो तेव्हा मिळवलेला टँकर लागलेला होता आणि बायका पाणी भरत होत्या. मॅडमनी सुमनबाईंना गाठून सांगितलं, चूक आमची आहे, टँकरवाल्यानं नाही म्हणून कळवलं होतं, ते तुमच्यापर्यंत आम्ही येऊ दिलं नाही. सुमनबाईंनी डोक्यावरची घागर खाली ठेवली. रागावलेल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या.

"न्हाय तर न्हाय, त्याचं काय एवढं बाई? पाणी न्हाय म्हणलेलं आमाला काय नवं न्हाय. पण न्हाय म्हणला असता तर आमी तवाच दुसरीकडं गेलो असतो. खालच्या गावात हिरीला पाणी हाय, गाडीबैल हायत आमची. त्या चाकाकडं बघत बसलो म्हणून लेकराबाळांचे हाल झाले."

मॅडमनी मान हलवली. मग त्या माझ्या मागं गाडीवर बसल्या. कळंब आलं तशी मी ढोकी रोडला वळणार, तर म्हणाल्या, "घराकडं घे."

मावशी खाटेवरच होत्या. "कोण हाय?" त्यांनी विचारलं.

मॅडम बूट न काढताच आत गेल्या आणि त्यांच्या पायाशी बसल्या. "माय, मिलिंद येणार न्हाय."

मावशींचे हात मांडीवर थांबले. "कवा म्हणला?"

"थंडीत."

"मला तर तू सांगत हुतीस, कळवतो म्हणला."

"व्हय."

"अन् म्या दवाखान्याला गेले न्हाय."

"व्हय."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण दारात माझ्याच चपला आडव्या पडल्या होत्या आणि मी काही हलू शकले नाही. मावशी रडल्या नाहीत. मॅडमच्या दिशेला तोंड करून, पण त्यांच्या जरा बाजूला बघत म्हणाल्या, "तवाच सांगायचं हुतं गं. म्याच गेले असते त्याच्याकडं. तवा दिसत हुतं जरा."

  मग मावशींनीच खाटेची कड चाचपत पाय खाली सोडले. "उद्याची धाराशिवाची गाडी कवा हाय ते बघ," म्हणाल्या. "अन् ती साडी दे."

ऑपरेशननंतर उजव्या डोळ्यानं दिसायला लागलं. डाव्याला उशीर झाला होता. आत दाब वाढून मागची शीर सुकली होती, ती काही परत येत नसते, असं डॉक्टर म्हणाले. हे मला मॅडमनीच ऑफिसात सांगितलं, स्क्रीनकडं बघत. "एक डोळा वाचला. दुसरा नाही. तो माझ्यामुळं गेला." मी म्हटलं, असं कसं मॅडम, आधीपासूनच तो पिकलेला होता. त्या म्हणाल्या, "नाही रेश्मा," आणि कामाला लागल्या.

पावसाळ्यानंतर एका दुपारी त्या दोघींना सोडायला मी कळंबच्या स्टँडवर गेले होते. सोलापूरपर्यंत एसटी, पुढं रेल्वेनं बंगळूर. मावशी काळा चष्मा लावून, तीच इस्त्रीची साडी नेसून बाकावर बसल्या होत्या आणि समोरच्या गाडीची पाटी एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचत होत्या. मग चष्मा वर करून त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"ही रेश्मा व्हय? आवाजावरनं मला चांगली धिप्पाड वाटली हुतीस."

मॅडम हसल्या. मी त्यांना बाजूला घेतलं. "मिलिंदभाऊंना कळवलंय ना?"

"नाही."

"अहो, मग त्यांनी दारातनंच परत पाठवलं तर?"

"तर पाठवू दे. तोंडावर म्हणू दे. माय ऐकेल." मॅडमनी पर्सच्या बाहेरच्या कप्प्यावर हात ठेवला. "परतीचं तिकीट आधी काढलंय. पोचू त्याच संध्याकाळच्या गाडीचं. जायचं नंतर काढलं."

गाडी लागली. मावशी खिडकीशी बसल्या आणि लगेच उठल्या, कारण ती खिडकी डाव्या हाताला होती आणि त्यांना बाहेरचं काही दिसेना. दोघी पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या. मी गाडीला वळसा घालून तिकडं गेले. मावशी काचेला तोंड लावून सगळं बघत होत्या, रसवंती, रिक्षा, माझ्यासकट. त्यांच्यामागं मॅडम पर्स मांडीवर धरून ताठ बसल्या होत्या. मी हात केला. मावशींनी केला, मॅडमचं लक्ष नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर मॅडमचा निरोप आला. लॉजच्या नव्या फाईलमध्ये वेळेची मर्यादा राहिली आहे, प्रशांतनं ती आजच घालावी. टँकरवाल्याला सोमवारी फोन करावा. मी सोमवारी येत नाही. परतीची तिकिटं रद्द केली.